कुंडी भंडाऱ्याची हद्द कुठपर्यंत?

मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत मध्य प्रदेशातल्या सहा ठिकाणांची भर पडली. ग्वाल्हेरचा किल्ला, भोजपूरचं भोजेश्वर मंदिर, धमनारची लेणी, चंबळ खोऱ्यातली शैलचित्रं, मंडला जिल्ह्यातल्या रामनगरची गोंड स्मारकं आणि बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा, ज्याला सरकारी कागदांत आणि बोलण्यातही खूनी भंडारा म्हणतात. यातली पाच ठिकाणं दगडाची आहेत. त्यांच्याभोवती भिंत घातली, पहारेकरी बसवला, पडझड झालेला चिरा पुन्हा बसवला की ती राहतात. सहाव्याचं तसं नाही. तो दगडाचा असला तरी त्याच्यातून पाणी वाहतं म्हणून तो वारसा आहे. पाणी थांबलं की उरेल ते एक लांबलचक भुयार. म्हणूनच त्याचं रक्षण करायचं तर हद्द कुठे आखायची हा प्रश्न पहिल्यांदा सोडवावा लागेल. तिकीट खिडकी, बाग आणि भुयाराचं तोंड यांच्याभोवती आखलेली हद्द या जागेला वाचवू शकणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ही हद्द उत्तरेला डोंगराच्या पायथ्यापर्यंत न्यावी लागेल आणि जमिनीच्या पोटातही उतरवावी लागेल.

आधी ही व्यवस्था काय आहे ते पाहू. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि फारुकींची राजधानी असलेलं बुऱ्हाणपूर मोगलांच्या दख्खन मोहिमांचं मुख्य ठाणं झालं. लष्कर, बाजार, विणकर, हत्ती-घोडे आणि पुढच्या काळात खुद्द शाहजादे, असा सगळा बोजा तापीकाठच्या या गावावर आला. नदी होतीच, पण उन्हाळ्यात ती आटते, पावसाळ्यात गढूळ होते, आणि वर शत्रूने पाण्यात विष कालवलं तर, ही भीतीही या योजनेमागे होती असं सांगतात. त्या वेळी इथला सुभेदार होता अब्दुर रहीम खानखाना, ज्याला आपण दोह्यांचा कवी रहीम म्हणून ओळखतो. त्याच्या कारकिर्दीत, १६१५ मध्ये, तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाने गावाच्या उत्तरेची जमीन तपासली. सातपुड्यात मुरणारं पाणी जमिनीखालून तापीकडे सरकतं हे त्याने हेरलं आणि ते वाटेतच अडवून उताराने गावात आणायचं ठरवलं. मूल भंडारा, सूखा भंडारा, चिंताहरण भंडारा, कुंडी भंडारा असे भंडारे त्यातून उभे राहिले. यातल्या कुंडी भंडाऱ्याचं भुयार सुमारे चार किलोमीटर लांब आहे. त्यावर ठरावीक अंतराने शंभराच्या आसपास कुंड्या म्हणजे उभे कूप आहेत, आणि शेवटी पाणी जाळी करंज या हौदात येऊन पडतं. पंप नाही, मोट नाही, रहाट नाही. फक्त उतार. चारशे वर्षं झाली, तो उतार अजून काम करतो.

बुऱ्हाणपूरच्या लालबाग भागात जमिनीवर पाहिलं तर या सगळ्याची कल्पनाच येत नाही. दिसतात ती एका ओळीत गेलेली गोल बांधकामाची तोंडं, विहिरीच्या कठड्यासारखी. काही मोकळ्या रानात, काही शेताच्या कडेला, काही घरांच्या दाटीत. यांपैकी एका कुंडीत उतरण्यासाठी लिफ्ट बसवली आहे. ती सुमारे ऐंशी फूट खाली नेते. तळाशी भुयारात स्वच्छ पाणी संथ वाहत असतं. डोक्यावरच्या कुंडीतून उजेडाचा एक खांब उतरतो, त्यापुढे अंधार, आणि लांबवर पुढच्या कुंडीचा उजेड. कुंडीचं काम उजेड-वाऱ्याचंच नव्हे: खणताना माती तिच्यातून वर गेली, आणि नंतर साफसफाईसाठी माणूस तिच्यातूनच खाली उतरला. भिंतींवर बोटभर ते वीतभर जाडीचा पांढरा खडबडीत थर चढलेला दिसतो. तो चुन्याचा आहे. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिच्यातला कर्बवायू उचलतं, थोडं आम्लधर्मी होतं आणि वाटेतला चुना विरघळवत येतं. भुयारातल्या मोकळ्या हवेत तो वायू निसटला की चुना भिंतीला धरतो. बघणाऱ्याला तो संगमरवरासारखा वाटतो आणि फोटोही छान येतात, पण तो दर वर्षी भुयार थोडं थोडं आवळत असतो. म्हणजे ही जागा एकदा बांधून सोडून देण्याची नव्हतीच. तिला सतत माणसाचा हात लागणार हे बांधणाऱ्याने गृहीत धरलं होतं, म्हणून तर त्याने इतक्या कुंड्या ठेवल्या.

पाणी येतं कुठून, हा या लेखाचा गाभा आहे. तापीच्या उत्तरेला, सातपुडा जिथे एकदम उभा राहतो तिथे, जमिनीत एक मोठा भूभंग आहे. डोंगरावरून उतरणाऱ्या नाल्यांनी युगानुयुगं आणलेले दगडगोटे, रेती, मुरूम या भंगाच्या दक्षिणेला साचत गेले. भूगर्भशास्त्रज्ञ या पट्ट्याला बझाडा म्हणतात. बुऱ्हाणपूरपासून रावेर, यावल, चोपड्यापर्यंत सातपुड्याच्या पायथ्याला तो पसरला आहे. दख्खनच्या काळ्या कातळात पाणी मुरायला फटी शोधाव्या लागतात. इथे मात्र गोट्यांचा जाड थर पाण्याला थेट पोटात घेतो. डोंगरातून खळाळत आलेला नाला या पट्ट्यात शिरला की कित्येकदा थोड्या अंतरातच गडप होतो. कुंडी भंडाऱ्याचं पाणी म्हणजे या गडप झालेल्या पाण्याचा एक वाटा. त्यामुळे भंडाऱ्याचं भवितव्य तीन गोष्टींवर ठरतं: वरच्या डोंगरात झाडं किती आहेत, पायथ्याचा गोट्यांचा पट्टा किती उघडा आहे, आणि भुयाराच्या आसपास किती खोल बोअर किती पाणी उपसतात. या तिन्ही गोष्टी तिकीट खिडकीच्या बाहेर घडतात.

पर्यटकांचा लोंढा हाच संरक्षित जागेचा मुख्य शत्रू, असं आपल्याकडे सर्रास धरून चालतात. त्याला आधार आहे. भूमध्य समुद्रातल्या क्रीट बेटाच्या पूर्व टोकाला वाई नावाचा किनारा आहे. तिथे खजुराच्या जातीच्या रानझाडांची मोठी राई थेट वाळूपर्यंत उतरते. ही झाडं आपल्या निमाड-खानदेशातल्या नाल्यांकाठी दिसणाऱ्या शिंदीची सख्खी भावंडं. वनस्पतिशास्त्रात दोघांचा वंश एकच, फिनिक्स. क्रीटच्या जातीला १९६७ मध्ये प्राचीन ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञ थिओफ्रास्टसचं नाव मिळालं. १९७० च्या दशकात पाठीवर पोतडी घेऊन भटकणाऱ्या तरुणांना हा किनारा सापडला, त्याची कीर्ती पसरली, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे तंबू, चुली आणि कचऱ्याचे ढीग झाले. मग सरकारने जागा संरक्षित ठरवली आणि राईला कुंपण घातलं. दिवसा किनाऱ्यावर कुणीही जावं, पण झाडांत शिरायचं नाही, मुक्काम करायचा नाही. राई सावरली. आपल्याकडचे संवर्धनवादी हे उदाहरण देऊन म्हणतील की बघा, माणसं आवरली की निसर्ग आपोआप सांभाळतो. वाईपुरतं ते खरंच आहे.

पण त्याच क्रीटच्या दक्षिण किनाऱ्यावर प्रेवेलीची राई आहे, आणि तिची कहाणी मला अधिक शिकवणारी वाटते. तिथे नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी याच जातीची झाडं दाटीने उभी आहेत. ऑगस्ट २०१० मध्ये वणव्याने ही राई जवळजवळ पूर्ण जाळली. काळे पडलेले बुंधे पाहून सगळं संपलं असंच कुणालाही वाटलं असतं. पण थोड्याच काळात त्याच बुंध्यांच्या शेंड्यातून हिरवे कोंब फुटले आणि पुढच्या काही वर्षांत राई पुन्हा उभी राहिली. या झाडाचा वाढीचा कोंब खोडाच्या गाभ्यात सुरक्षित असतो हे एक कारण. दुसरं कारण तितकंच मोठं: शेजारून नदी वाहत होती आणि मुळं ओली होती. ही जातच मुळी जमिनीखालच्या पाण्याच्या आधाराने, ओढ्यांच्या तळाशी आणि दऱ्यांत वाढते. आग, तुडवण, कचरा यातून ती उठते. पायाखालचं पाणी गेलं तर उठणार नाही. वाईला कुंपणाने वाचवलं कारण तिथला धोका कुंपणाच्या आत होता. कुंडी भंडाऱ्याचा धोका बाहेर आहे. दोन्ही जागांना एकच औषध लावून चालणार नाही.

यावर कुणी म्हणेल की भुयारात उतरणाऱ्या पर्यटकांमुळेही नुकसान होतं. होतं, आणि त्याची व्यवस्था करायलाच हवी. एका वेळी किती माणसं उतरतात यावर मर्यादा असावी, पाण्यात हात-पाय धुण्यावर बंदी असावी, चुन्याच्या थरावर नावं कोरणाऱ्याला दंड व्हावा. पण हे सगळं एका ठरावाने साधण्यासारखं आहे आणि पुढच्या आठवड्यापासून सुरू करता येईल. उलट माझ्या मते इथे माणसं यायलाच हवीत. जमिनीखालची गोष्ट लोकांना दिसलीच नाही तर तिच्यासाठी कुणी बोलणार नाही. बुऱ्हाणपूरला येणारा पर्यटक आज शाही किल्ला पाहतो, फारसी-अरबीबरोबर संस्कृत शिलालेख असलेली जामा मशीद पाहतो, तापीपलीकडच्या जैनाबादेत जाऊन आहुखाना पाहतो, जिथे १६३१ मध्ये मुमताजचा देह आग्र्याला नेण्याआधी सहा महिने ठेवला होता. त्याच्या या यादीत ऐंशी फूट खालचं वाहतं पाणी आलं, तर मोगल इतिहास थडगी आणि तटांपुरताच नव्हता, शहराला पाणी पाजण्याची अक्कलही त्यात होती, हे त्याच्या लक्षात येईल. दार बंद करणं हा उपाय नाही.

आता हद्दीचा प्रश्न. तबकुतुल अर्ज ज्या देशातून आला तिथे हा प्रश्न फार पूर्वीच सोडवला गेला. इराणमध्ये अशा भुयारी पाटांना कनात म्हणतात, आणि प्रत्येक कनातीला तिचा ‘हरीम’ असतो, म्हणजे तिच्याभोवतीचा असा टापू जिथे दुसऱ्याने विहीर खणायची नाही. आजच्या इराणी दिवाणी कायद्यातही हे अंतर लिहिलेलं आहे: भुसभुशीत जमिनीत ५०० मीटर, कठीण जमिनीत २५० मीटर. मऊ जमिनीत पाणी लवकर ओढलं जातं म्हणून अंतर दुप्पट. यामागे शेकडो वर्षांचा अनुभव आहे. २०१६ मध्ये इराणच्या अकरा कनातींना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो भुयारांच्या बांधकामासाठी जितका, तितकाच पाणी वाटून घेण्याच्या आणि सांभाळण्याच्या या जिवंत रीतीसाठी. आपल्याकडे पुरातत्त्व कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण आलं. ताजमहालासाठी किंवा एखाद्या मंदिरासाठी तो नियम ठीक आहे, कारण तिथे धोका शेजारी उठणाऱ्या इमारतीचा आहे. भुयारी पाटाला शेजारच्या इमारतीपेक्षा शेजारची बोअर अधिक घातक ठरते.

असा नियम आपल्याला परका आहे असंही नाही. महाराष्ट्रात १९९३ च्या भूजल कायद्याने पिण्याच्या सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खणायला मनाई केली. अंतर तेच, इराणचंच. मध्य प्रदेशात १९८६ चा पेयजल परिरक्षण अधिनियम आहे. त्याखाली जिल्हाधिकारी एखादा भाग जलअभावग्रस्त जाहीर करून नवी बोअर रोखू शकतात आणि उन्हाळ्यात अनेक जिल्ह्यांत तसे आदेश निघतातही. म्हणजे कुंडी भंडाऱ्यासाठी नवा कायदा जन्माला घालायची गरज नाही. जाळी करंजापासून मूळ पाझरापर्यंतच्या पट्ट्याला बारमाही पिण्याच्या पाण्याचा स्रोत मानून त्याभोवती असा टापू कायमचा ठरवता येईल. टंचाई आली की आदेश आणि पाऊस पडला की सूट, अशा हंगामी पद्धतीने मात्र चालणार नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप केळीवाल्या शेतकऱ्याचा आहे आणि तो टाळून पुढे जाणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. बुऱ्हाणपूर, रावेर आणि यावलचा केळीचा पट्टा याच बझाड्याच्या पाण्यावर उभा राहिला. उन्हाळ्यात केळीच्या एका झाडाला ठिबकनेही दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी लागतं. एकरभर बाग म्हणजे हजार-दीड हजार झाडं. याच बागांवर मजुरांचे हात चालतात, ट्रक भरतात, मुलांची शिक्षणं होतात. एका जुन्या भुयारासाठी या माणसाने बोअर बंद करावी, असं शहरातल्या माणसाने सांगायचं? तसं सांगणं अन्यायाचंच होईल. पण शेतकऱ्याच्या बाजूनेच हिशोब मांडला तर चित्र वेगळं दिसतं. रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी वर्षानुवर्षं ओळखले जातात. जुन्या विहिरी कोरड्या पडल्या, मग बोअर आली, मग ती आणखी खोल गेली, मोटार मोठी झाली, वीजबिल वाढलं. जो थर भंडाऱ्याला पाणी देतो तोच शेतकऱ्याच्या विहिरीला देतो. भंडाऱ्याचं पाणी घटलं तर ती त्याच्याही धोक्याची पहिली सूचना आहे. म्हणून मागणी बोअर बुजवण्याची नाही. भुयाराच्या जवळच्या टापूत नवी खोल बोअर नको, असलेल्या बागांना ठिबकसाठी आणि कमी पाण्याच्या पिकाकडे वळू पाहणाऱ्यांना पैशाची भक्कम मदत हवी, आणि पायथ्याच्या नाल्यांत पाणी मुरवण्याची कामं त्यांच्याच शेतांना आधी लाभ होईल अशा जागी हवीत. संरक्षणाचा फायदा सगळ्यांनी घ्यायचा आणि झळ फक्त बांधावरच्या माणसाने सोसायची, ही वाटणी बदलायला हवी.

दुसरा आक्षेप कामाच्या उपयुक्ततेचा आहे. आजच्या शहराला चार किलोमीटरचं भुयार पुरणार नाही, मग एवढा आटापिटा कशाला? जुलै २०२२ मध्ये बुऱ्हाणपूर हा देशातला पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा ठरला. २५४ गावांतल्या एक लाखाहून अधिक घरांत नळ पोहोचले. ही मोठी कामगिरी आहे. डोक्यावरचा हंडा उतरलेल्या बाईला तिचं मोल विचारावं. पण नळाची संख्या मोजता येते तितक्या सहज स्रोताचं आयुष्य मोजलं जात नाही. नळातलं पाणी येतं ते शेवटी बोअरमधून, नदीतून किंवा तलावातून, आणि या प्रत्येकाचा हिशोब त्याच पावसाशी आणि त्याच जमिनीशी आहे. कुंडी भंडारा शहराची सगळी तहान भागवेल असा दावा कुणी करत नाही. मात्र चारशे वर्षं न थांबता चाललेलं हे एकमेव मोजमाप आपल्या हातात आहे. पायथ्याच्या थराची तब्येत कशी आहे हे ते दाखवत राहतं.

तिसरा आक्षेप आशेचा आहे. १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशने तापी खोऱ्याच्या महाकाय पुनर्भरण योजनेचा करार केला. तापीचं पावसाळी पाणी कालव्यांनी बझाड्याच्या पट्ट्यात सोडून जमिनीत मुरवायचं, अशी ती कल्पना. ती पूर्ण झाली तर या भागाचं नशीब पालटू शकतं आणि ती व्हावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण मुरवायला जमीन उघडी हवी. गोट्यांच्या पट्ट्यावर प्लॉट पडले, रस्ते-गोदामं उभी राहिली, नाल्यांतली रेती उचलली गेली, मुरूम खणून नेला, तर कालव्यातलं पाणी कुठे मुरवणार? डोंगराचंही तेच. याच जिल्ह्यातल्या नेपानगरच्या कागद कारखान्याने पूर्वी सातपुड्यातला सालई आणि बांबू वापरून देशाला वृत्तपत्राचा कागद पुरवला. अलीकडे, २०२२–२३ मध्ये, त्याच नेपानगर भागात अतिक्रमणासाठी मोठ्या प्रमाणावर जंगल तोडलं गेलं आणि प्रकरण पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यापर्यंत गेलं. तो उतार कुंडी भंडाऱ्याचा नव्हे, पण डोंगर एकच आहे आणि उघड्या डोंगरावरून पाणी मुरत नाही, धावत सुटतं.

हद्द चुकली की काय होतं याचं जवळचं उदाहरण छत्रपती संभाजीनगरात आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकीसाठी, म्हणजे याच शहरासाठी, त्याच काळात आणि याच तत्त्वावर नहर-ए-अंबरी काढली. अशाच एका नहरीच्या पाण्यावरची तिथली पाणचक्की पाहायला आजही गर्दी होते, तिची निगाही राहते. पण शहर वाढत गेलं तसतशा डोंगराकडून येणाऱ्या जुन्या नहरी ठिकठिकाणी फुटल्या, बुजल्या, घरांखाली गेल्या. दाखवायची जागा राखली, आणायची वाट सोडली. बुऱ्हाणपूरला अजून वेळ आहे, कारण इथलं भुयार वाहतं आहे.

संभाव्य यादीतून मुख्य यादीत जाण्यासाठी जो प्रस्ताव पाठवावा लागतो त्यात वारशाची मूळ जागा आणि तिच्याभोवतीचा राखीव टापू असे दोन नकाशे द्यावे लागतात. कुंडी भंडाऱ्याच्या प्रस्तावातला दुसरा नकाशा वास्तुविशारदाने एकट्याने काढू नये. त्याच्या टेबलाशी भूजल खात्याचा माणूस, वनविभागाचा अधिकारी, लालबाग आणि पायथ्याच्या गावांचे शेतकरी बसले पाहिजेत. त्या नकाशावर प्रत्येक कुंडी, मूळ पाझर, त्याला पाणी देणारे नाले, आजमितीच्या सगळ्या बोअर त्यांच्या खोलीसह आणि उत्तरेचा डोंगरउतार यायला हवा. तोवर एक काम नकाशाची वाट न पाहता करता येईल: जाळी करंजात दर तासाला किती पाणी येतं आणि ठरावीक कुंड्यांत पातळी किती आहे हे पावसाळ्याआधी आणि नंतर दर वर्षी मोजावं, आणि ते आकडे तिकीट खिडकीशेजारी फळ्यावर लिहावेत. उतरणाऱ्या प्रत्येकाला गेल्या वर्षीचं आणि यंदाचं पाणी शेजारी शेजारी वाचता यावं.